१६ मतांची विजेती : सायकल बांधणीच्या मैत्रीपूर्ण स्पर्धेतील मतदानाचा प्रकरण अभ्यास

हौसेने सायकली बांधणाऱ्यांची एक स्पर्धा. मांडलेल्या सायकली सहा, मत द्यायला ४५ जण. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एकच नाव लिहायचे. ज्या सायकलीचे नाव जास्त चिठ्ठ्यांवर, ती पहिली. मोजणी दोघांनी मिळून केली, दोनदा केली, हिशेब चोख होता. पहिल्या आलेल्या सायकलीला १६ मते पडली. उरलेल्या २९ जणांशी बोलल्यावर कळले की त्यांतल्या एकानेही तिला आपल्या पहिल्या तीनांत धरले नव्हते. लबाडी कुणीच केली नव्हती. तरीही दोन बांधणारे पुढच्या खेपेला येणार नाही असे सांगून गेले, आणि जिंकणाऱ्यालाही आपल्या विजयाचा आनंद धड घेता आला नाही.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. यातली माणसे आणि सायकली कल्पनेतल्या आहेत, आणि आकडे कागद-पेन्सिल घेऊन पडताळता यावेत इतके लहान ठेवले आहेत. इतिहासातले आणि संशोधनातले जे दाखले पुढे येतात ते मात्र खरे आहेत. माझे म्हणणे एकच आहे: अशा स्पर्धेत माणसाला एकच नाव लिहायला लावणे हे बहुतेक भांडणांचे मूळ असते, आणि ते बदलायला एक वेगळी चिठ्ठी आणि अर्ध्या तासाची मोजणी पुरते.

सायकली

निकालाविषयी बोलण्याआधी सायकली पाहायला हव्यात, कारण कुणाला काय आवडले हे त्यांच्यातच दडलेले आहे.

पहिलीला आपण ‘लांबडी’ म्हणू. पुढचे चाक धरणारा चिमटा प्रचंड लांबवलेला, बैठक जमिनीलगत, रंगकाम असे की नजर हटू नये. चिमटा लांबवून पुढे कलता केला की ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) वाढते आणि कमी वेगात पुढचे चाक आपणहून एका बाजूला कलंडू लागते. त्यामुळे लांबडी सरळ रस्त्यावर झोकात जाते, पण वळताना चालवणाऱ्याची परीक्षा पाहते. बांधणाऱ्याला हे ठाऊक होते आणि त्याने ते पत्करले होते. ही दिसण्यासाठीची सायकल आहे, आणि तशी सायकल बांधणे यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी ‘मालवाहू’. हँडल आणि पुढचे चाक यांच्यामध्ये सामानाचा सपाट तळ. पुढचे चाक लहान आणि बरेच पुढे गेलेले, म्हणून हँडलची हालचाल तिथपर्यंत पोचवायला खालून जोडदांडा. या जोडदांड्यात जरा जरी ढिलाई राहिली तरी सायकल डुलते. इथे ती डुलत नव्हती.

तिसरी ‘प्रवासी’. फ्रेमच्या नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या धातूच्या खोबणीत, बसवून ब्रेझिंग केलेल्या (पितळेसारखा धातू वितळवून सांधलेल्या), लगच्या कडा कानशीने घासून बारीक केलेल्या, मडगार्डची रेषा टायरला समांतर. जाणकार माणूस तिच्यापुढे वाकून बराच वेळ थांबतो.

चौथी ‘छोटी’, म्हणजे भंगारातून उभी केलेली लहान मुलाची सायकल. मुलांच्या सायकलींचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, बऱ्याचदा त्यांच्या पायांना लांब पडतात. इथे क्रँक कापून पेडलसाठी नवे आटे पाडले होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे त्या बाजूला आटे पाडायचा टॅपही उलटा लागतो. हे काम फोटोत कधीच दिसणार नाही.

पाचवी ‘जोडी’, दोन जुन्या फ्रेम जोडून केलेली दोघांची सायकल, पुढचे-मागचे क्रँक एका लयीत ठेवणारी चेन डाव्या बाजूला. सहावी ‘जुनी’: मूळचा रंग जपून गंज काढलेली, चाकांच्या नव्या तारा भरून आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढलेली.

चिठ्ठ्यांत खरे काय होते

एकच नाव विचारल्यामुळे ४५ जणांच्या मनातले बरेच काही चिठ्ठीबाहेर राहिले. मागाहून त्यांना पहिल्या तीन पसंती विचारल्या तेव्हा चित्र असे दिसले:

१६ जण : लांबडी, जोडी, जुनी
११ जण : प्रवासी, मालवाहू, छोटी
१० जण : मालवाहू, प्रवासी, छोटी
८ जण : छोटी, मालवाहू, प्रवासी

खऱ्या मतदारांच्या पसंती इतक्या साच्यात पडत नाहीत, त्या विस्कळीत असतात. पण मुद्दा दिसायला हे पुरेसे आहे. लांबडीला जिंकवणारे ३६ टक्क्यांहूनही कमी होते. उरलेल्या २९ जणांना एकाच जातीच्या सायकली आवडल्या होत्या: कामाच्या, नीट चालणाऱ्या, बारकाईने घडवलेल्या. अशा सायकली तीन होत्या, म्हणून त्यांची मते ११, १० आणि ८ अशी फुटली. लांबडीसारखी दुसरी सायकल मैदानात असती तर तिचीही मते अशीच फुटली असती. म्हणजे निकाल सायकलींच्या गुणांइतकाच, कोणत्या प्रकारच्या किती सायकली आल्या या योगायोगावर ठरला. बांधणाऱ्याच्या हातात नसलेल्या गोष्टीने त्याचा क्रमांक ठरावा, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

आता याच चिठ्ठ्या वेगळ्या तऱ्हेने मोजू.

पहिल्या दोघींत पुन्हा लढत लावली, तर लांबडी आणि प्रवासी समोरासमोर येतात. २९ जणांच्या यादीत प्रवासी आहे, लांबडी नाही, त्यामुळे प्रवासी २९ विरुद्ध १६ अशी जिंकते. शेवटची सायकल एकेक करून बाद केली आणि तिची मते त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला दिली, तर आधी जोडी आणि जुनी जातात, मग छोटी जाते. तिची आठ मते मालवाहूला मिळतात, मालवाहू १८ वर पोचते, मग ११ वाली प्रवासी बाद होते आणि शेवटी मालवाहू २९ विरुद्ध १६ अशी जिंकते. मतदार तेच, आवडीनिवडी त्याच, आणि तीन पद्धतींनी तीन निकाल: एका नावाच्या चिठ्ठीने लांबडी, दोघींच्या लढतीने प्रवासी, एकेक बाद करून मालवाहू.

पहिल्या पसंतीला ३, दुसरीला २, तिसरीला १ गुण दिला तर बेरीज अशी येते: मालवाहू ६८, प्रवासी ६१, लांबडी ४८, छोटी ४५, जोडी ३२, जुनी १६. एकूण २७०, म्हणजे ४५ चिठ्ठ्यांचे प्रत्येकी सहा गुण. हिशेब जुळतो. यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एका मताच्या पद्धतीत जोडी आणि जुनी यांच्या पुढे शून्य लागले होते. आपल्या सुट्टीच्या दिवसांत खपून सायकल उभी करणाऱ्याच्या पदरात शून्य पडणे हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत वाईट भाग वाटतो. तो माणूस हरल्यामुळे जात नाही. आपली सायकल कुणी पाहिलीच नाही असे वाटल्यामुळे जातो.

प्रामाणिक माणसांची पद्धत

३-२-१ ही जुन्या कल्पनेची छोटी आवृत्ती आहे. फ्रेंच गणिती आणि आरमारी अधिकारी झाँ-शार्ल द बोर्दा याने १७७० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे क्रमाप्रमाणे गुण देण्याची पद्धत मांडली. आक्षेप असा आला: प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटी टाकले तर? यावर, माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात.

आक्षेप खरा आहे, आणि तो आपल्या आकड्यांतच दाखवता येतो. प्रवासीच्या ११ चाहत्यांना मालवाहू मनापासून आवडली आहे, दुसऱ्या क्रमांकावर तीच आहे. पण त्यांतल्या फक्त चौघांनी ठरवून मालवाहूचे नाव गाळले आणि ‘प्रवासी, जोडी, जुनी’ असे लिहिले, तर मालवाहूचे आठ गुण कमी होतात. ६८ वरून ६०. प्रवासी ६१ वर तशीच. प्रवासी जिंकली! अकराच्या अकरा जणांनी हे केले तर मालवाहू ४६ वर घसरून चौथी येते, आणि कुणाचीच पहिली पसंती नसलेली जोडी ५४ गुणांनी दुसरी येते. दुसरी-तिसरी पसंती कोरी सोडण्याची मुभा दिली तरी मालवाहूचे तेवढेच नुकसान होते. म्हणून तीन नावे लिहिणे सक्तीचे हवे. नाही तर जो मनापासून दुसऱ्याचे कौतुक लिहितो तोच तोट्यात जातो.

बोर्दाचा समकालीन कोंदोर्से याने १७८५ मध्ये दुसरी कसोटी मांडली: प्रत्येक दोघांची समोरासमोर तुलना करा, जो सगळ्यांना हरवतो तो खरा विजेता. आपल्या प्रकरणात मालवाहू लांबडीला २९ विरुद्ध १६ अशी हरवते, आणि प्रवासीला १८ विरुद्ध ११ अशी. उरलेल्या १६ जणांच्या यादीत त्या दोघीही नाहीत. कोंदोर्सेनेच हेही दाखवले की कधी कधी असा विजेता नसतोच: क ला ख हरवते, ख ला ग, आणि ग ला पुन्हा क. म्हणून नुसत्या या कसोटीवर स्पर्धा सोडणे धोक्याचे.

पण दोन्ही जोडता येतात, आणि माझी शिफारस तीच आहे. चिठ्ठी एकच. आधी ३-२-१ ने गुण मोजायचे. गुणांत पहिल्या आलेल्या दोन सायकली घ्यायच्या आणि त्याच चिठ्ठ्या पुन्हा उलटून पाहायचे की किती जणांनी हिला तिच्या वर ठेवले. यात जी पुढे, ती पहिली. पुन्हा मतदान नको, मतदारांना पुन्हा बोलावणे नको.

चौघांच्या डावाचे आता काय होते पाहा. गुण प्रवासी ६१, मालवाहू ६०. शेवटच्या तुलनेत प्रवासीच्या बाजूने ११ आणि मालवाहूच्या बाजूने १८, कारण त्या चौघांनी आधीही प्रवासीलाच वर ठेवले होते. नाव गाळून त्यांच्या बाजूचे एकही डोके वाढले नाही. मालवाहू जिंकते. डाव साधायचा तर मालवाहूला पहिल्या दोनांतूनच बाहेर ढकलावे लागेल. जोडीचे नाव पुढे करून ते करायला अकरांपैकी दहा जण लागतात. लांबडीचे नाव पुढे केले तर सहा पुरतात, पण मग त्या सहांना आपल्याला मुळीच न आवडलेली लांबडी स्वतःच्या हाताने दुसऱ्या क्रमांकावर लिहावी लागते. डाव अशक्य झाला नाही, महाग झाला. मैत्रीच्या स्पर्धेत तेवढे पुष्कळ आहे.

डाव पूर्ण अशक्य करता येत नाही हे सिद्धच झालेले आहे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो याने १९५१ मध्ये दाखवले की तीन किंवा अधिक पर्याय असले तर पसंतीक्रमावर चालणारी कोणतीही पद्धत काही अगदी साध्या, वाजवी अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. गिबर्ड (१९७३) आणि सॅटरथ्वेट (१९७५) यांनी त्यापुढे जाऊन दाखवले की अशी प्रत्येक पद्धत, एखाद्याची हुकूमशाही सोडली तर, कधी ना कधी डावपेचाने वाकवता येते. तेव्हा आयोजकांनी निर्दोष पद्धतीच्या मागे लागून सभा लांबवू नयेत. बक्षीस लहान ठेवणे हा त्याहून प्रभावी उपाय आहे. पैशाचे मोठे बक्षीस लावले की मैत्रीपूर्ण हा शब्द आमंत्रणावरून काढून टाकावा.

दोन लोकप्रिय पर्यायांबद्दल थोडक्यात. आवडतील तेवढ्या सायकलींवर खूण करा, ही पद्धत सोपी आणि प्रसन्न आहे. १९७८ मध्ये ब्राम्स आणि फिशबर्न यांनी तिचा गणिती अभ्यास मांडला. पण आपल्या प्रकरणात सगळ्यांनी दोन-दोन खुणा केल्या तर मालवाहू २९ खुणांनी सरळ जिंकते, आणि तीन-तीन केल्या तर मालवाहू, प्रवासी, छोटी तिघी २९ वर बरोबरीत अडकतात. निकाल लोक किती सढळ आहेत यावर ठरतो. सायकली वीस-पंचवीस असतील तर पहिली चाळणी म्हणून ही पद्धत मी आनंदाने वापरीन. दहापैकी गुण द्या, ही पद्धत मात्र हौशी मतदारांत टाळावी. एकाचा सहा म्हणजे दुसऱ्याचा नऊ असतो, आणि ज्याला जिंकवायचेच असते तो एकाला दहा आणि बाकीच्यांना शून्य देऊन मोकळा होतो. पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेत पंचांचे टोकाचे गुण काढून टाकूनच बेरीज करतात, आणि ते तर शिकलेले पंच असतात.

मत कुणाचे

लांबडीच्या १६ जणांकडे पुन्हा वळू. त्यांतले बरेच जण बांधणाऱ्याचे मित्र होते, फक्त तिच्यासाठी आलेले. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीत जोडी आणि जुनी यांची नावे का? त्या दोन सायकली लांबडीच्या शेजारी उभ्या होत्या. मित्राला मत देणे गुन्हा नाही, माणसे अशीच वागतात. पण ज्याने सहाच्या सहा पाहिल्या नाहीत त्याच्या मताने सहांचा क्रम लावायचा कसा?

साधा नियम असा: मत देण्याचा हक्क स्पर्धा जाहीर व्हायच्या आधीपासून गटात असलेल्यांना. नंतर आलेल्यांसाठी वेगळी पेटी ठेवावी आणि तिचा ‘पाहुण्यांची पसंती’ असा वेगळा मान द्यावा. दोन पेट्यांची बेरीज करण्याचा मोह टाळावा. युरोव्हिजन गीतस्पर्धेत परीक्षक आणि प्रेक्षक यांचे गुण एकत्र धरतात आणि त्यावरून दर वर्षी वाद पेटतो. तिथे त्या वादानेही कार्यक्रमाची रंगत वाढते, आपल्याला तो परवडत नाही. त्या स्पर्धेतली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी: कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला मत देता येत नाही.

बांधणाऱ्यांनीही मत द्यावे का? द्यावेच. ब्रेझिंगच्या सांध्यात धातू सगळीकडे पोचला आहे की नाही, क्रँकवरचे उलटे आटे स्वच्छ पडले आहेत की नाही, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? स्वतःला मत द्यायची मुभा ठेवली तर प्रामाणिक संकोची माणूस दुसऱ्याला मत देतो आणि स्वतःचे नुकसान करून घेतो. म्हणून बंदी सर्वांना सारखी. आणि बांधणाऱ्याचे मत सक्तीचे, कारण मत न देणे हीसुद्धा प्रतिस्पर्ध्यांचे सहा गुण अडवून ठेवण्याची युक्ती होऊ शकते. चिठ्ठी नाही तर क्रमांक नाही. स्पर्धकांनीच एकमेकांचे मूल्यमापन करणे यात नवल काही नाही: आल्मा या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा वेळ वाटताना २०२१ पासून बहुतेक प्रस्ताव स्वतः अर्जदारच क्रमाने लावतात, अर्थात आपला प्रस्ताव सोडून.

मताआधीची कसोटी

काही प्रश्न मताला टाकायचेच नसतात. ब्रेक लागतो का, हँडल घट्ट आहे का, चाक मोकळे फिरते का, बांधणारा स्वतः बसून इंग्रजी आठच्या आकड्यात एक फेरी मारू शकतो का: याचे उत्तर हो किंवा नाही. नाही असेल तर सायकल प्रदर्शनात मानाने उभी राहील, मतपत्रिकेवर येणार नाही. मुदतीत पुरी न झालेल्या सायकलीलाही हाच नियम. मी हे लांबडीला बाहेर काढण्यासाठी सुचवत नाही. तिच्या बांधणाऱ्याने सरावाने ती फेरी मारलीच असती, आणि मग ‘ही चालते तरी का’ ही कुजबुज जागच्या जागी थांबली असती.

या बाबतीत फ्रान्समधल्या ‘काँकूर द माशिन’ स्पर्धांची आठवण ठेवण्यासारखी आहे. १९३० आणि १९४० च्या दशकांत तिथे हलक्या प्रवासी सायकली डोंगराळ, खडबडीत रस्त्यांवर चालवून पाहत. वजन कमी असेल तर गुण मिळत, आणि वाटेत काही मोडले, ढिले झाले, बिघडले तर गुण कापले जात. बांधणाऱ्यांना त्यामुळे हलकेपणा आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालावाच लागे. २०१६ मध्ये ही स्पर्धा तिथे पुन्हा सुरू झाली. आपल्या छोट्या गटाला डोंगर चढायची गरज नाही, पण रस्ता जे ठरवू शकतो ते लोकांच्या डोळ्यांवर सोडू नये.

पाहण्याची वेळ

मतदानाचे नियम कितीही चांगले असोत, सायकली असमान रीतीने दाखवल्या तर सगळे वाया जाते. फोटोवरून मत द्यायचे असेल तर प्रत्येकीचे फोटो सारखे हवेत: उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूने एक पूर्ण, पुढून एक, मागून एक, बारकाव्यांचे तीन, आणि सुरुवातीला हातात जो लोखंडाचा ढीग होता त्याचा एक. या शेवटच्या फोटोशिवाय छोटीचे काम समजणारच नाही. सोबत बांधणाऱ्याने अर्ध्या पानात लिहावे की स्वतः काय घडवले, काय विकत आणले, काय दुसऱ्याकडून करून घेतले. रंग बाहेरून मारून घेतला असेल तर तसे लिहावे, त्यात लाज नाही.

क्रमसुद्धा परिणाम करतो. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, म्हणजे त्याचा गुणांशी संबंध नसायला हवा. तरी फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांच्या १९९६ च्या अभ्यासात पहिल्या दिवशी वाजवणारे मागे पडताना दिसले आणि नंतरचे वर चढताना. तयारीच्या परीक्षकांचे हे, तर आपली काय कथा! म्हणून सायकलींचा क्रम प्रत्येक मतदाराला वेगळा दिसेल अशी सोय करावी. प्रत्यक्ष मांडणीत त्या गोलाकार उभ्या कराव्यात आणि लोकांना वेगवेगळ्या ठिकाणांहून फेरी सुरू करायला सांगावे. फेरी पुरी झाल्यावरच चिठ्ठी द्यावी.

आणि मतदान चालू असताना आकडे कुणालाही दाखवू नयेत. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॅट्स यांनी २००६ मध्ये १४ हजारांहून जास्त लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अनोळखी गाणी ऐकायला दिली. काहींना आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा डाउनलोड केले ते दिसत होते, काहींना नाही. आकडे दिसले तिथे पुढे असलेली गाणी आणखी पुढे गेली, आणि कोणते गाणे वर येईल याचा अंदाज बांधणे अवघड झाले. पहिल्या तासात आलेल्या चार मित्रांनी पुढच्या आठवड्याचा निकाल ठरवावा असे कुणाला वाटेल?

निकाल सांगताना

चिठ्ठी गुप्त असावी. गट लहान आहे, उद्या त्याच माणसाकडून कुणाला तरी वेल्डिंग मशीन मागून आणायचे आहे. मोजणी न बांधणाऱ्या दोघांनी करावी आणि चिठ्ठ्या नावाशिवाय कोणालाही तपासता याव्यात. पहिल्या तिघींचे गुण जाहीर करावेत, बाकीच्यांचे ज्याचे त्याला सांगावेत. बरोबरी झाली तर समोरासमोरची तुलना, तीही बरोबरीत सुटली तर मान दोघांना वाटून द्यावा. पहिल्या पसंतीची मते जास्त असलेल्याला पुढे करणे हा सर्रास वापरला जाणारा नियम मला पटत नाही, कारण तो ज्या सायकलीने मंडळी दुभंगली तिलाच झुकते माप देतो.

चिठ्ठीवर एक ओळ मात्र सक्तीची ठेवावी: तुम्ही ज्या तिघींची नावे लिहिली नाहीत त्यांच्यापैकी एकीतली कोणती गोष्ट तुम्हाला उचलून न्यावीशी वाटली? जोडीच्या डाव्या चेनचा ताण कसा साधला, जुनीवरचा मूळ रंग घासताना कसा वाचवला, हे यातून बाहेर येते. या ओळी मोजणीत धरायच्या नाहीत, फक्त ज्याच्या त्याच्या हाती द्यायच्या. माझ्या मते बांधणाऱ्याला पुढच्या वर्षी परत आणण्याची ताकद क्रमांकापेक्षा या ओळींत जास्त आहे.

या वर्षीच्या निकालाचे काय

प्रकरणातला शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न. सगळा हिशेब मांडून झाल्यावर गटातल्या एकाने विचारले, मग आता मालवाहूला पहिली जाहीर करायची का?

नाही. नियम आधी जाहीर झाला होता, सहाही जणांनी तो मान्य करून सायकली आणल्या होत्या, आणि लांबडीने त्या नियमाने स्पर्धा जिंकली. नियमात खोट होती ती आयोजकांची. तिचा दंड बांधणाऱ्याला लावणे हा दुसरा अन्याय ठरेल, आणि एकदा निकालानंतर नियम बदलला की पुढचा कोणताच निकाल पक्का राहत नाही. शिवाय वरच्या पसंती नंतर विचारून काढलेल्या आहेत. निकाल माहीत असताना सांगितलेली पसंती आणि चिठ्ठीवर निकालाआधी लिहिलेली पसंती यांची किंमत सारखी धरता येत नाही. स्मृतिचिन्ह लांबडीकडेच राहील. आयोजकांनी हा हिशेब सहाही जणांपुढे एकत्र ठेवावा, लांबडीच्या बांधणाऱ्याला आधी एकट्याला गाठून सांगावे की यात तुझ्याकडे बोट नाही, आणि नव्या चिठ्ठीचा नमुना पुढच्या स्पर्धेच्या आमंत्रणासोबतच पाठवावा, म्हणजे पहिला सांधा जोडण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असेल की आपली सायकल कशी मोजली जाणार आहे. निघून गेलेल्या दोघांनाही ते आमंत्रण जावे.